राजाच्या शेजारी जाऊन बसणारा बिशप: लिंकनचा ह्यू

एम.ए.ला इतिहास घेतलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "बाराव्या शतकातला बिशप राजाच्याच मर्जीने नेमला जायचा, त्याच्या जमिनी राजाकडून आलेल्या, मग तो राजाला 'नाही' म्हणू शकत होता का? आणि म्हटलंच, तर थॉमस बेकेटसारखा शेवट ठरलेलाच होता ना?"

सत्तावीस वर्षं मी मध्ययुगीन युरोप शिकवला. हा प्रश्न बहुतेक दर वर्षी वर्गात यायचा आणि दर वर्षी मी एकाच माणसाची गोष्ट सांगायचो: इंग्लंडमधल्या लिंकन शहराचा बिशप ह्यू. त्याने तीन राजांना तोंडावर 'नाही' म्हटलं आणि तरीही तो अंथरुणात, आपल्या माणसांत मेला. ते कसं जमलं हे समजलं की त्या काळची चर्च आणि दरबार यांची गाठ पुष्कळशी सुटते.

आधी पदाबद्दल. बिशप म्हणजे केवळ धर्मगुरू असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. आपल्याकडचा सरंजामदार आठवा. राजाकडून मुलूख मिळालेला, त्या मुलखाच्या बदल्यात ठरावीक स्वार पुरवायला बांधलेला. लिंकनच्या बिशपवर 60 नाइट, म्हणजे घोडेस्वार योद्धे, पुरवण्याची जबाबदारी होती. त्याचा धर्मप्रांत हंबर नदीपासून थेट थेम्सपर्यंत पसरलेला, इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या धर्मप्रांतांपैकी एक. बिशपची गादी रिकामी पडली की तिचं उत्पन्न राजाच्या खजिन्यात जायचं. त्यामुळे राजाला गादी रिकामी ठेवण्यात रस असायचा. लिंकनचंच बघा. 1166 मध्ये बिशप वारला आणि 1183 पर्यंत तिथे अभिषेक झालेला बिशपच नव्हता. मधली बरीच वर्षं इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याचा अनौरस मुलगा जेफ्री 'नियुक्त बिशप' म्हणून बसला होता. त्याने दीक्षाच घेतली नाही आणि 1182 मध्ये राजीनामा दिला. पुढचा बिशप वर्षभरात रूआँचा आर्चबिशप, म्हणजे बिशपांचा प्रमुख, होऊन निघून गेला. त्यानंतर 1185 च्या भूकंपात कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्चच, मोडकळीला आलं. ह्यूच्या वाट्याला आली ती अशी गादी.

बेकेटबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो नसता तर ह्यू इंग्लंडला आलाच नसता. 29 डिसेंबर 1170 ला हेन्रीच्या चार नाइटांनी कँटरबरीच्या आर्चबिशपला, म्हणजे बेकेटला, त्याच्याच कॅथेड्रलमध्ये मारलं. साऱ्या युरोपात राजाची छी-थू झाली. प्रायश्चित्त म्हणून हेन्रीने मठ स्थापन करायचं कबूल केलं. त्यातला एक सॉमरसेटमधल्या विथमचा, कार्थुसियन पंथाचा इंग्लंडमधला पहिला मठ. पण तो काही केल्या मार्गी लागेना. पहिला प्रायर, म्हणजे मठप्रमुख, टिकला नाही, दुसरा वारला. तेव्हा हेन्रीने आल्प्समधल्या ग्रांद शार्त्रूझ या मूळ मठातून ह्यूला मागवून घेतलं. साल 1180 च्या आसपासचं.

ह्यूचा जन्म 1140 च्या सुमाराचा, ग्रनोब्लजवळच्या आव्हालोंचा. घराणं सरदारांचं. आई लवकर गेली, वडिलांनी संसार सोडून मठ धरला आणि लहानग्या ह्यूलाही सोबत नेलं. पुढे त्याने स्वतःहून त्याहून कडक असा कार्थुसियन पंथ निवडला. प्रत्येकाची वेगळी कोठडी, मांसाहार वर्ज्य, बरंचसं मौन. तिथे तो मठाचा सगळा व्यवहार सांभाळायचा. हे लक्षात ठेवा. हा माणूस ध्यानस्थ होता, पण हिशेबात कच्चा नव्हता.

विथमला आल्यावर त्याने पहिलं काम काय केलं? मठासाठी जी जमीन ठरली होती तिच्यावर गाव वसलेलं होतं, माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. आपण आज ज्यांना प्रकल्पग्रस्त म्हणतो, तशी. ह्यूने राजाला सांगितलं, या लोकांचा शेवटचा पैसा चुकता होईपर्यंत मी इथे प्रायर होणार नाही. प्रत्येकाला राजाच्या दुसऱ्या एखाद्या गावात जमीन किंवा वेठीतून मुक्तता, जे हवं ते मिळालं. एवढ्यावर थांबला नाही. त्यांच्या घरांचीही किंमत राजाला मोजायला लावली. आणि किंमत मोजून झाल्यावर म्हणाला, आता ती घरं मला द्या. राजाने दिली, तर ह्यूने ती ज्याची त्याला परत केली. वासे मोडून दुसरीकडे घर बांधा, नाहीतर विका, तुमचं तुम्ही बघा! या प्रसंगावर मी वर्गात हमखास थांबायचो. पुनर्वसन आधी, बांधकाम मग, हे तत्त्व बाराव्या शतकातला एक संन्यासी राजाला शिकवत होता, आणि राजा ते ऐकत होता.

दुसरी गोष्ट ग्रंथाची. मठात पुस्तकं नाहीत म्हणून ह्यूने हेन्रीला सांगितलं. हेन्रीने चर्मपत्रासाठी पैसे दिले आणि वर एक सुरेख बायबलही भेट पाठवलं. ते विंचेस्टरच्या मठवासीयांनी स्वतःसाठी मेहनतीने तयार केलेलं होतं. राजाने मागून घेतलं आणि स्वतःचं म्हणून दिलं. पुढे विंचेस्टरचा एक साधू विथमला आला तेव्हा ह्यूला हे कळलं. त्याने राजाला न कळवता तो ग्रंथ मूळ मालकांकडे परत पाठवला. राजाची भेट परत करणं ही साधी गोष्ट नव्हती. पण यात त्याचं शहाणपण असं की त्याने राजाचा जाहीर अपमान केला नाही.

1186 च्या मे महिन्यात ऑक्सफर्डजवळच्या आइन्शमला सभा भरली आणि राजासमोर लिंकनच्या कॅननांनी ह्यूला निवडलं. कॅनन म्हणजे कॅथेड्रलचा कारभार बघणारे धर्मगुरू; बिशप निवडण्याचा हक्क त्यांचा. ह्यूने ती निवड मानायला नकार दिला. म्हणणं साधं होतं: राजाच्या डोळ्यांदेखत झालेली निवडणूक ही निवडणूक नव्हे. तुम्ही लिंकनला परत जा, आपल्या सभागृहात बसा आणि मोकळेपणाने ठरवा. ते गेले, पुन्हा त्यालाच निवडून परत आले. तरी तो म्हणाला, मी शार्त्रूझच्या प्रायरच्या आज्ञेत आहे, त्याची परवानगी आणा. तीही आणली. मग 21 सप्टेंबर 1186 ला वेस्टमिन्स्टरला अभिषेक झाला.

विद्यार्थी इथे विचारायचे, "सर, हा विनय की डावपेच?" माझ्या मते दोन्ही. विनय खरा होता. पण त्याच वेळी त्याने पक्कं करून टाकलं की हे पद मला राजाने दिलेलं नाही. पुढच्या चौदा वर्षांत तो ज्या पायावर उभा राहिला, तो पाया इथे घातला गेला.

नव्या बिशपची स्वारी कशी होती म्हणाल, तर बाकीचे कॅनन सजलेल्या घोड्यांवर आणि हा आपली घोंगडी आणि मेंढीची कातडी वळकटी करून खोगिरामागे बांधून. बरोबरच्यांना लाज वाटली म्हणून एकाने मागून गुपचूप पट्टा कापून ती वळकटी काढून घेतली. लिंकनला गादीवर बसवण्याच्या समारंभात कँटरबरीचा आर्चडीकन आपली रीतीची दक्षिणा मागायला लागला. ह्यू म्हणाला, बिशपच्या मुकुटासाठी जेवढं दिलं तेवढंच गादीसाठी देईन, म्हणजे काहीही नाही.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. बिशप होऊन फार दिवस झाले नव्हते. इंग्लंडमध्ये राजाची राखीव रानं होती. तिथले कायदे इतके जाचक की हरीण मारलं तर माणसाचे हाल व्हायचे. त्या खात्याच्या मुख्य अधिकाऱ्याने चर्चच्या हक्कांवर हात टाकला, म्हणून ह्यूने त्याला सरळ धर्मबहिष्कृत केलं, वाळीत टाकलं. राजाच्या बड्या अधिकाऱ्याला राजाला न विचारता! वर हेन्रीने एका दरबाऱ्यासाठी लिंकनमधलं कॅननचं पद आणि त्याला जोडलेलं इनाम मागितलं, तेही नाकारलं. उत्तर असं दिलं की ही इनामं धर्मगुरूंसाठी आहेत, दरबाऱ्यांसाठी नाहीत. राजाला आपल्या माणसांना द्यायला बाकी पुष्कळ आहे.

हेन्रीने त्याला वुडस्टॉकला बोलावलं. राजा रानात झाडांमध्ये मोकळ्या जागेत बसला होता, भोवती सरदारांचं कडं. सगळ्यांना ताकीद होती की बिशप आला की कोणी उठायचं नाही, बोलायचं नाही. ह्यू आला, नमस्कार केला. उत्तर नाही. राजाच्या शेजारी बसलेल्या सरदाराच्या खांद्यावर त्याने हळूच हात ठेवला, त्याला सरकायला लावलं आणि स्वतः राजाच्या बाजूला बसला. पुन्हा शांतता. हेन्रीला रिकामं बसवत नसे. त्याच्या डाव्या हाताच्या बोटाला जखम होती आणि चिंधी बांधलेली होती. त्याने सुई-दोरा मागवला आणि ती चिंधी शिवायला लागला. ह्यूने थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "आता तुम्ही फालेझच्या आपल्या नातेवाइकांसारखे अगदी हुबेहूब दिसताय!"

हेन्री आधी दचकला आणि मग इतका हसला की लोळायचाच बाकी राहिला. मग त्यानेच सरदारांना अर्थ सांगितला. त्याचा पणजोबा विल्यम, इंग्लंड जिंकणारा, त्याची आई फालेझच्या एका सामान्य घरातली होती, आणि ते गाव कातडी कमावणाऱ्यांचं आणि शिवणाऱ्यांचं म्हणून प्रसिद्ध. एका परक्या मठवासीयाने भर दरबारात राजाच्या कुळाची आठवण काढली आणि राजाने ती गोड मानली. मग राजाने विचारलं, माझ्या अधिकाऱ्याला वाळीत का टाकलं? ह्यूने स्पष्ट सांगितलं: तुम्ही मला बिशप व्हावं म्हणून एवढा आग्रह केलात, आता मी माझं काम केलं नाही तर तुमच्याच आत्म्याचं नुकसान. हेन्रीला मान्य करावं लागलं. तो अधिकारी सर्वांसमोर प्रायश्चित्त घेऊन मोकळा झाला आणि पुढे ह्यूचा स्नेही बनला.

इथे मला जे सांगायचं आहे ते येतं. बेकेटही धीट होता, तत्त्वाला पक्का होता. पण त्याचं भांडण मुख्यतः दुरून चाललं: फ्रान्समध्ये सहा वर्षं परागंदा, पत्रं, पोपकडे अपिलं, दोन्ही बाजूंच्या दूतांच्या खेपा. भांडण जितकं दुरून, तितकं मधल्या माणसांचं फावतं. ह्यूने एकदाही तसं होऊ दिलं नाही. राजा रागावला की तो पत्र न पाठवता घोड्यावर खोगीर चढवायचा, राजा असेल तिथे जायचा आणि त्याच्या शेजारी बसायचा. शिवाय स्वतःसाठी मागायचं काहीच नसल्यामुळे राजाच्या हातात त्याला दाबायला जागाच उरत नसे. इस्टेट जप्त करा, तो विथमच्या कोठडीत परत जायला तयारच. दर वर्षी तो तिथे जाऊन राहायचाही.

हेन्रीनंतर राजा झालेला त्याचा मुलगा रिचर्ड, त्याच्या वेळी मात्र प्रकरण खरोखर गंभीर होतं. डिसेंबर 1197 मध्ये ऑक्सफर्डला सभा भरली. कँटरबरीचा आर्चबिशप ह्युबर्ट वॉल्टर हा त्याच वेळी राजाचा मुख्य न्यायाधिकारीही होता. म्हणजे चर्चचा प्रमुख आणि राजाचा कारभारी एकच माणूस, यावरून त्या काळची गुंतागुंत कळेल. त्याने राजाची मागणी वाचली: फ्रान्समधल्या लढाईसाठी इंग्लंडच्या सरदारांनी आणि बिशपांनी मिळून 300 नाइट वर्षभर पुरवावेत. लंडनच्या बिशपने होकार दिला. ह्यूची पाळी आली. तो म्हणाला, लिंकनचं चर्च राजाला सैनिक देणं लागतं हे खरं, पण या देशाच्या आत. समुद्रापलीकडे काही लागत नाही. माझ्या चर्चवर हे नवं ओझं मी लादणार नाही, त्यापेक्षा मी माझ्या देशी एकांतात परत जाईन. त्याच्यापाठोपाठ सॉल्सबरीच्या बिशपनेही नकार दिला आणि सभा मोडली.

ह्यूचा कायदेशीर मुद्दा कितपत बरोबर होता यावर इतिहासकारांत वाद आहे. लिंकनने आधी परदेशी मोहिमांसाठी काहीच दिलं नव्हतं, असं म्हणणं कठीण आहे. पण राजाची मागणी भरसभेत, हक्काची भाषा बोलून नाकारली गेली, हे महत्त्वाचं. राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद, मॅग्ना कार्टा, 1215 ची, म्हणजे त्यानंतर अठरा वर्षांनी. एकाचा दुसऱ्याशी थेट संबंध जोडणं मला धाडसाचं वाटतं. एवढं म्हणेन की 'हे देणं आम्ही लागत नाही' हे वाक्य त्या हवेत होतं.

रिचर्डने दोन्ही बिशपांच्या इस्टेटी जप्त करायचा हुकूम सोडला. सॉल्सबरीची जप्ती लगेच झाली आणि त्या बिशपला दंड भरून सुटावं लागलं. लिंकनची जप्ती करायला कोणी पुढे येईना. ह्यूने वाळीत टाकलं की त्या माणसाचं बरं होत नाही, अशी लोकांत पक्की भीती होती. नऊएक महिने हुकूम तसाच पडून राहिला. शेवटी ह्यू स्वतःच निघाला.

28 ऑगस्ट 1198. नॉर्मंडीत सेन नदीकाठी आंदलीच्या कड्यावर रिचर्डने नुकताच बांधलेला शातो गायार किल्ला. राजा तिथल्या चॅपलमध्ये प्रार्थनेला बसला होता. ह्यूने अभिवादन केलं. रिचर्डने एकदा रोखून पाहिलं आणि तोंड फिरवलं. ह्यू म्हणाला, "राजेसाहेब, मला चुंबन द्या." त्या काळी राजाने बिशपला चुंबन देणं म्हणजे सलोखा आहे, याची जाहीर खूण. राजाने तोंड आणखी फिरवलं. ह्यूने त्याचा अंगरखा छातीपाशी घट्ट धरला आणि गदागदा हलवला. "तुम्ही मला चुंबन देणं लागता, मी लांबून आलोय." राजा म्हणाला, "तू त्या लायकीचं काही केलेलं नाहीस." ह्यूने आणखी जोरात हलवलं. "केलंय. द्या चुंबन." रिचर्डच्या ओठांवर हसू फुटलं आणि त्याने चुंबन दिलं.

नंतर ह्यूने राजाला बाजूला घेऊन पत्नीशी बेइमानीबद्दल आणि चर्चची पदं पैशावर दिल्याबद्दल खडसावलं, आणि नकारामागचं कारणही समजावलं. तो गेल्यावर रिचर्ड म्हणाला, की बाकीचे बिशप असे असते तर कुठल्याही राजाची त्यांच्यापुढे मान वर करायची छाती झाली नसती. सिंहहृदयी म्हणवणाऱ्याच्या तोंडून आलेलं हे प्रमाणपत्र.

हे सगळं आपल्याला कळतं ते मुख्यतः आइन्शमच्या अ‍ॅडमकडून. तो ह्यूच्या शेवटच्या तीन वर्षांत त्याचा खासगी धर्मगुरू होता. त्याने चरित्र लिहिलं ते आपला गुरू संत ठरावा म्हणून, हे विसरून चालणार नाही. तरी त्याच्या लिखाणात एक खरेपणा आहे. ज्या गोष्टी भक्ताने झाकाव्यात त्याही तो लिहितो. ह्यू तापट होता. फेकां या मठात मेरी मॅग्डलीनची म्हणून पूजली जाणारी अस्थी बघायला गेला, तेव्हा तिचा तुकडा दातांनी तोडून घेतला. मठवासी ओरडायला लागले, तर म्हणाला, आत्ताच प्रसादाच्या भाकरीत मी प्रभूचं शरीर या बोटांनी आणि ओठांनी घेतलं, मग संतांच्या हाडांना का नको? आणि 1191 मध्ये गॉडस्टोच्या मठात, हेन्रीच्या प्रेयसीची, रोझामंडची कबर वेदीपुढे दिव्यांनी सजलेली पाहिली, तेव्हा ती तिथून उखडून बाहेर न्यायला लावली. हेन्री त्याचा मित्र होता, पण मरून दोन वर्षं झाली होती. मला हा प्रसंग आवडत नाही. ह्यूला आजच्या मोजपट्टीत बसवायचा मोह टाळावा, म्हणून तो मुद्दाम सांगतो.

पण त्याच माणसाने कुष्ठरोग्यांना जवळ घेतलं, त्यांचे चेहरे चुंबले. लिंकनचा विद्वान चान्सलर म्हणाला, संत मार्टिनच्या चुंबनाने कुष्ठरोगी बरा झाला होता. ह्यूचं उत्तर होतं: मार्टिनच्या चुंबनाने त्याचं शरीर बरं झालं, याच्या चुंबनाने माझा आत्मा बरा होतो. आणि रिचर्डच्या राज्यारोहणानंतर ज्यूंवर दंगली उसळल्या, 1190 मध्ये यॉर्कला तर कत्तल झाली, तेव्हा लिंकनसह आपल्या धर्मप्रांतातल्या गावांत तो हत्यारबंद जमावापुढे जाऊन उभा राहिला. इथेही तेच, निरोप न पाठवता स्वतः जाणं.

रिचर्डचा भाऊ आणि पुढचा राजा जॉन याच्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांची गाठ वर्षा-दीड वर्षाचीच. एप्रिल 1199 मध्ये रिचर्ड वारला. ह्यू तेव्हा दुसऱ्याच एका तंट्यासाठी त्याच्याचकडे निघाला होता. वाटेतूनच अंत्यविधीला फाँतव्रोला गेला. तिथे दारावर अंतिम न्यायाचं शिल्प होतं. ह्यूने नव्या वारसाला नरकात ओढले जाणारे मुकुटधारी राजे दाखवले. जॉनने त्याला दुसऱ्या बाजूला नेलं, स्वर्गात जाणारे राजे दाखवले आणि म्हणाला, मी यांच्या वाटेने जाणार. पुढच्याच ईस्टरला अर्पणाची बारा सोन्याची नाणी हातात घेऊन जॉन ती न टाकता बघत उभा राहिला. ह्यूने कारण विचारलं, तर म्हणाला, थोडे दिवस आधी ही माझ्याकडे असती तर तुला न देता खिशात घातली असती. ह्यूने हात मागे घेतला. "टाका त्या ताटात आणि जा." अ‍ॅडमच्या म्हणण्यानुसार शरमेने लाल झाला तो ह्यूच.

1200 च्या शरद ऋतूत ह्यू लंडनमध्ये आपल्या वाड्यात आजारी पडला. आर्चबिशप ह्युबर्ट भेटायला आला आणि म्हणाला, तू मला अनेकदा दुखावलंस, त्याबद्दल क्षमा मागावीस. ह्यू म्हणाला, दुखावलं खरं. आणि पश्चात्ताप होतो तो याचा की आणखी जास्त वेळा दुखावलं नाही. जगलो तर यापुढे अधिक करीन. 16 नोव्हेंबरला, जमिनीवर राखेने आखलेल्या क्रूसावर निजवलेला असताना, तो गेला.

पार्थिव लिंकनला पोहोचलं तेव्हा योगायोगाने तिथे दोन राजे हजर होते: जॉन आणि आदल्या दिवशी त्याला निष्ठेची शपथ वाहिलेला स्कॉटलंडचा विल्यम. जॉनने तिरडीला खांदा दिला. कॅथेड्रल अर्धं बांधून झालं होतं. त्याच्या बांधकामात ह्यूने स्वतः दगड आणि चुना वाहिल्याचं सांगतात. त्याच्या नावाचं दालन मी पाहिलं आहे. छताच्या कमानी एकमेकींशी जुळत नाहीत, वाकड्या धावतात, आणि मान वर करून त्यांची संगती लावता लावता माझी सकाळ गेली. अ‍ॅडमने त्या अंत्ययात्रेत सरदार, बिशप आणि गरीबगुरीब यांच्या जोडीला आणखी एका समाजाची नोंद केली आहे: लिंकनचे ज्यू आपल्या घरांतून बाहेर आले होते आणि मोठ्याने रडत होते.